गॅरेजमधले आजोबा आणि दारातला लाकडी भोपळा

‘प्रिय मावशी, प्लेनोला येऊन आम्हाला सात वर्षं झाली. समोरच्या घरी हॅलोविनचा बारा फुटी सांगाडा उभा राहिलाय आणि तस्साच हवा म्हणून आमच्या आठ वर्षांच्या मुलाने घर डोक्यावर घेतलंय. नवरा म्हणतो, हाडांवर तीनशे डॉलर घालणार नाही. सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आलेत. सासूबाई म्हणतात, दिवाळीच्या तोंडावर दारात भुतंखेतं नकोत. सासरे काहीच बोलत नाहीत, खिडकीत बसून असतात. मी मधल्या मधे पिचतेय. शिवाय दिवाळीची पार्टी कोणत्या शनिवारी ठेवावी, मुलगा मराठीत उत्तर देत नाही त्याचं काय करावं, आणि पुण्याची जाऊ फॅमिली ग्रुपवर टोमणे मारते तिला काय सांगावं, तेही लिहा. – मधल्या मधे अडकलेली, टेक्सस’

अगं पोरी, तुझं पत्र दोनदा वाचलं. सांगाडा, नवरा, सासूबाई, जाऊ, सगळ्यांबद्दल तू भरभरून लिहिलंस. मी अडले ती एका ओळीवर: ‘सासरे काहीच बोलत नाहीत, खिडकीत बसून असतात.’ एवढे प्रश्न विचारलेस, पण त्यांच्याबद्दल एकही नाही. एक ओळ लिहिलीस आणि पुढे गेलीस. रागावू नकोस, पण मला वाटतं तुझ्या दारातल्या भुताचा तोडगा त्या खिडकीतच बसलाय.

मी हे अनुभवाने सांगते. १९९९ साली माझे मामाजी आमच्याकडे न्यू जर्सीला आले. (आम्ही नागपूरकडच्या सुना सासऱ्यांना मामाजी म्हणतो.) मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपात उभी हयात गेलेला माणूस. पहिले दोन महिने तेही असेच खिडकीत. पोस्टमनची गाडी कधी येते, समोरचा कुत्र्याला किती वाजता बाहेर काढतो, सगळं पाठ झालेलं. मला वाटायचं, आयुष्यभर राबले, आता आराम करू देत. किती चुकत होते मी! त्या माणसाच्या हातांना काम हवं होतं आणि मी त्यांच्या हातात रिमोट देत होते.

मग ऑक्टोबर आला. माझ्या सहा वर्षांच्या मुलीला दारात भोपळा हवा होता. दुकानातून आणलेल्या प्लॅस्टिकच्या भोपळ्याची कडी दुसऱ्याच दिवशी तुटली आणि ती रडायला लागली. मामाजी उठले, गॅरेजच्या मागे पडलेली एक फळी घेऊन आले आणि तिला म्हणाले, ‘रडू नको बाई. आपन करू. याला दात किती?’ तिचे स्वतःचे पुढचे दोन दात नुकतेच पडले होते. तिने आरशात पाहून हिशेब सांगितला. आमच्या दारातल्या त्या भोपळ्याला अजूनही पुढचे दोन दात नाहीत. त्याच्या बुडाला मामाजींनी पेन्सिलीने ‘ऑक्टो. १९९९’ असं लिहून ठेवलंय. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण दर ऑक्टोबरात खोक्यातून भोपळा काढला की मी आधी तो उलटा करून ते अक्षर बघते.

तर माझं सांगणं असं, की सांगाडा राहू दे समोरच्यांकडे. तू येत्या शनिवारी सासऱ्यांना आणि मुलाला घेऊन लाकूड-सामानाच्या दुकानात जा. आठ फुटी टू-बाय-फोर, म्हणजे बांधकामाची लाकडी काठी घे, दोन कॉफींच्या पैशात येते. नाव दोन बाय चार असलं तरी प्रत्यक्षात ती दीड इंच जाड आणि साडेतीन इंच रुंद असते. सासऱ्यांना आधीच सांगून ठेव, नाहीतर टेप लावल्यावर त्यांना दुकानदाराने फसवलंय असं वाटेल. मामाजींना वाटलं होतं. तिथेच काठी मधोमध कापून घे, म्हणजे गाडीत बसते. पुढचे छोटे तुकडे घरी करवतीने कापायचे. सोबत प्लॅस्टिकचा माईटर बॉक्स घेतलास तर करवत त्याच्या खाचेत बसते आणि काप सरळ येतो.

चार फुटांच्या एका तुकड्यात एक भोपळा होतो. मापं लिहून घे: ८, ९, १०, ९ आणि ८ इंच. हे पाच तुकडे दीड इंचाची बाजू समोर ठेवून एकमेकांना चिकटवून उभे करायचे, सगळ्यात उंच मधे. बुडं टेबलावर सपाट टेकली की वरची रेघ आपोआप भोपळ्यासारखी गोलसर दिसते. आणि गंमत बघ, या लाकडाच्या कडा कारखान्यातूनच थोड्या गोल करून येतात, त्यामुळे दोन तुकड्यांच्या मधे खाच पडते, अगदी खऱ्या भोपळ्याच्या फाकांसारखी. चिकटवायच्या आधी जाड पॉलिशपेपरने घास, मग बारीक. घासण्याचं काम मुलाला दे, पण धूळ नाकात जाते, म्हणून मास्क आणि अंगण. वुड ग्लू म्हणजे आपलं फेविकॉलच. लावून झाला की सुतळीने करकचून आवळून बांध आणि रात्रभर हात लावू नकोस. मधल्या तुकड्याला वर भोक पाडून बागेतली वाळकी फांदी खोचली की देठ झाला. आमच्या मामाजींनी मेपलची खोचली होती. तुझ्याकडे पेकानचं झाड असेल तर त्याची घे.

केशरी ॲक्रिलिक रंगाचे दोन हात. कॅनडा-मिनेसोटाच्या वाचकांनी एवढं लक्षात ठेवावं, की हवा दहा सेल्सिअसच्या खाली गेली की हा रंग नीट धरत नाही. तुम्ही सप्टेंबरातच रंगवा, नाहीतर घरात. तोंड एकाच बाजूला काढ. डोळ्यांसाठी पाण्याच्या बाटलीचं झाकण काळ्या रंगात बुडवून ठसा मार, ब्रश धरता न येणाऱ्या पोरालाही जमतं. मागची बाजू कोरी केशरी ठेव. १ नोव्हेंबरला भोपळा फिरवला, की तो थँक्सगिव्हिंगपर्यंत साधा भोपळा म्हणून दारात राहतो. टेक्ससच्या उन्हात कोरलेला खरा भोपळा चार-पाच दिवसांत बसका होऊन बुरशी धरतो. हा वर्षानुवर्षं टिकतो.

पाच तुकडे कापून साडेतीन इंचांचा एक जवळजवळ चौकोनी ठोकळा उरतो. तो टाकू नकोस. त्याचं घुबड कर. फांदीच्या दोन पातळ चकत्या कापून डोळे म्हणून चिकटव, चोच रंगव, झालं. घुबडाचं मी मुद्दाम सांगतेय, कारण आता सासूबाईंकडे येते.

सासूबाईंना अडाणी समजू नकोस, आणि ‘अहो आई, हे अमेरिकन कल्चर आहे’ असं सांगून त्यांना गप्प तर मुळीच करू नकोस. त्यांना लक्ष्मीच्या वाटेत हाडं नकोत, यात गैर काय? २०२४ साली तर इथे लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन एकाच संध्याकाळी, ३१ ऑक्टोबरला आले होते. आमच्याकडे आत पूजा आणि बाहेर ‘ट्रिक ऑर ट्रीट’ म्हणत खाऊ मागणाऱ्या पोरांची रांग. पण त्यांना घुबड दाखव. लक्ष्मीचं वाहन आहे म्हटल्यावर त्या काय म्हणतात ते मला कळव.

आणि त्यांना ही गोष्टही सांग. आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलं चाकांचा लाकडी बैल सजवून दोरीने ओढत घरोघर फिरतात, आणि प्रत्येक घरातून त्यांना बोजारा मिळतो, खाऊ नाहीतर पैसे. त्याच दिवशी शहरातून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे वाईटाच्या मोठ्या बाहुल्या निघतात, बडगे म्हणजे पुतळे निघतात. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ अशा आरोळ्या देत अख्खं गाव वाईटाला वेशीबाहेर काढतं. १८८०च्या दशकापासून हे चाललंय. मामाजींनी पहिल्या वर्षी आमच्या गल्लीतली पोरं पिशव्या घेऊन दारोदार फिरताना पाहिली आणि म्हणाले, ‘हा तर तान्हा पोळाच झाला की. बैल कुठं आहे?’ दुसऱ्या दिवशी उरलेल्या फळीचा बैल झाला. भोपळ्याशेजारी तोही अजून दारात असतो. गोव्याच्या सासूबाई असतील तर त्यांना मारबत सांगायची गरज नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे जळणारा नरकासुर त्यांनी पाहिलेलाच असतो.

आणखी एक. हॅलोविन इथल्या मातीतला नाही. आयर्लंडमध्ये ‘साविन’ म्हणून सण असायचा, हिवाळा तोंडावर आला की. लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तिथे बटाट्याचं पीक बुडालं, दुष्काळ पडला आणि लाखो माणसं बोटीने अमेरिकेत आली. इथे त्यांना भोपळा मिळाला, सलगमपेक्षा मोठा आणि कोरायला सोपा. त्यांनी भोपळा कोरला. आपण फ्रोझन खोबऱ्याच्या करंज्या करतो ना, तसंच. गाव सोडून आलेल्या माणसांनी जे हाताशी होतं त्यात सण भागवला. हे ऐकलं तेव्हा मला त्या आयरिश बायका अगदी ओळखीच्या वाटल्या.

सासूबाई आणि मुलगा यांच्यात करार करून टाक. रक्त नाही, कवट्या नाहीत, कापलेले हात नाहीत. भोपळे हसरे. भूत हवंच असेल तर कुंपणाची एक सहा फुटी सीडरची फळी आण. तिचं वरचं टोक आधीच दोन्ही कोपऱ्यांत कापलेलं असतं, पांढरा रंग दिला की डोकं-खांद्यांसकट भूत उभं राहतं. पण त्याच फळीच्या पाठीवर सासूबाईंकडून ‘शुभ दीपावली’ लिहून घे आणि खाली पणत्या काढायला सांग. दिवाळी लागली की फळी फिरवायची. आमच्या शेजारणीने हे केलं. तिच्या सासूबाईंचं अक्षर इतकं वळणदार, की इंडियन स्टोअरमधले चार जण विचारत आले.

आता काळजीच्या गोष्टी, या मात्र कान देऊन ऐक. हिरवट झाक असलेलं ‘प्रेशर ट्रीटेड’ लाकूड मुलांच्या कामाला घेऊ नकोस, त्यात किडीसाठी औषध असतं. जुन्या डेकच्या फळ्या तर नकोच. २००३पर्यंत घरगुती वापराच्या अशा लाकडात आर्सेनिक असायचं. फुकट मिळणारं पॅलेट, म्हणजे माल ठेवायची लाकडी चौकट, घ्यायचं असेल तर त्यावरचा शिक्का बघ. ‘एचटी’ म्हणजे नुसतं तापवलेलं, ते चालतं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते जागच्या जागी सोडून ये. करवत आणि ड्रिल मोठ्यांच्या हातात. पणती-मेणबत्ती पायरीवर नको, लांब झगे घातलेली पोरं वाकून चॉकलेट घेतात. बॅटरीचे छोटे दिवे आण. आणि पायऱ्यांच्या मधोमध काही ठेवू नकोस, मुखवट्यातून पोरांना खालचं दिसत नाही.

एक भोपळा केशरीऐवजी मोरपंखी रंगव, ही माझी विनंती. दारात मोरपंखी भोपळा असला की या घरी खाण्याव्यतिरिक्त काहीतरी मिळतं, पेन्सिल, स्टिकर, चेंडू, असं इथल्या आयांना कळतं. फूड ॲलर्जीच्या मुलांसाठी २०१४पासून ही खूण देशभर रुळली. माझ्या नातवाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. शेंगदाण्याच्या कुटाशिवाय भाजी न होणाऱ्या घरात हे केवढं संकट, ते तुला वेगळं सांगायला नको. गेल्या वर्षी तो अकरा दारं फिरला. एकाच दारात मोरपंखी भोपळा होता. त्या दारातून आणलेली पेन्सिल त्याने अजून टोकदेखील केलेली नाही.

राहिले बाकीचे प्रश्न. पार्टी दिवाळीनंतरच्या शनिवारी ठेव, आधीच्या शनिवारी फराळ तयार नसतो. जावेला भोपळ्याचा फोटो पाठव, उत्तर देऊ नकोस. मराठीचं म्हणशील तर ‘करवत तिरकी धरू नको’, ‘सुतळी ओढून धर’, ‘फुंकर मार, भुसा उडव’, हे आजोबा इंग्रजीत सांगणार नाहीत आणि नातवाला समजल्याशिवाय त्याचा भोपळा उभा राहणार नाही. माझी मुलगी ‘रंधा’ हा शब्द अजून वापरते, तिच्या नवऱ्याला त्याचा अर्थ माहीत नाही.

सासऱ्यांना विचारताना ‘बाबा, तुम्हाला कंटाळा येत असेल ना’ असं विचारू नकोस. त्यांना वाईट वाटेल. टेप हातात दे आणि म्हण, ‘बाबा, हे माप बरोबर आहे का बघा, मला काही कळत नाहीये.’ शनिवारी सकाळी लवकर जा, दुकानात गर्दी नसते आणि काठी कापून द्यायला माणूस लगेच मिळतो. निवडताना सासऱ्यांनाच काठी डोळ्यांसमोर धरून तिचा बाक पाहू दे, घाई करू नकोस. आणि एक जाड सुताराची पेन्सिल घे, चपटी, लाल रंगाची असते ती.