मसावि, समापवर्तक आणि हरवलेला ‘दृढ’

लोकमान्य नगरातल्या एका ताईंचा प्रश्न: मुलगी इथे इंदुरात हिंदी माध्यमात ‘महत्तम समापवर्तक’ शिकते, पुण्याची भाची ‘मसावि’ म्हणते. दोन्ही एकच का? आणि बहुपदीचे अवयव ‘पाडतात’ की ‘काढतात’?

एकच: दिलेल्या संख्यांना किंवा पदांना निःशेष भागणारा सर्वांत मोठा भाजक. मसावि म्हणजे महत्तम सामाईक विभाजक. पण ताई, त्याआधी एक ऐका. शिकवणीहून येणारं जे ते पोर म्हणतं, ‘कॉमन काढून टाकलं’. टाकलं कुठे? ५अ² + ५अ मधला ५अ कंसाबाहेर येऊन उभा राहतो, नाहीसा होत नाही. ‘टाकलं’ म्हणणारं पोर दुसऱ्या पदात काही उरलंच नाही असं समजतं आणि ५अ(अ) लिहून मोकळं होतं. अहो, तिथे १ उरतो! ५अ(अ + १). वह्यांतल्या या चुकीचं खापर मी त्या ‘टाकलं’वरच फोडतो.

आता समापवर्तक. यातलं ‘अपवर्तन’ थेट भास्कराचार्यांचं. लीलावतीत (इ.स. ११५०) कुट्टकाच्या, म्हणजे समीकरणांची पूर्णांकी उत्तरं शोधण्याच्या रीतीच्या, प्रकरणात ते सांगतात: दोन संख्यांनी एकमेकींना भागत जा, शून्य येण्याआधीचा शेवटचा शेष म्हणजे त्यांचं अपवर्तन. त्याने भागलं की जे भाज्य आणि हार (भाजक) मिळतात, त्यांचं नाव ‘दृढ’. काय शब्द आहे! १२ आणि १८ ला ६ ने भागलं, २ आणि ३ उरले. आता यांच्यातून सामाईक असं काही निघायचं नाही, इतके घट्ट.

जुन्या मराठी अंकगणितात मसाविला ‘दृढभाजक’च म्हणत. दृढ म्हणजे इथे ‘मोठा’, असं सांगणारे जाणकार मला भेटलेत. मला ते साफ अमान्य आहे. भाजक दृढ नसतो, भागून उरतं ते दृढ असतं. दृढ करणारा तो दृढभाजक, असाच विग्रह मी करतो. शिवाय ताळा शब्दातच आहे. १२अ²ब + १८अब² मधून कुणी २अब घेतला तर कंसात ६अ + ९ब राहतं. दृढ झालं का? नाही, ३ अजून दडलाय. ६अब(२अ + ३ब) लिहिलं की झालं. असा बोलका शब्द सोडून परिभाषावाल्यांनी आपल्या हाती तीन आद्याक्षरं ठेवली!

आणि हो, अवयव पाडतात; तुकडे पाडतात, हप्ते पाडतात, तसे. काढायचा तो मसावि.