ग्रीसमधलं खरंखुरं शेतकरी गाव बघायचं असेल तर कुठे जावं? तिथलं रोजचं जगणं कसं असतं?

सांतोरिनी कुणी सुचवलं असेल तर सोडून द्या. तिथे द्राक्षं पिकतात हे खरं, पण राज्य हॉटेलांचं आहे. शेतकऱ्यांचं गाव बघायचं तर खिओस बेटाच्या दक्षिणेला पिर्गीला जा. बेट तुर्कस्तानच्या किनाऱ्याला अगदी लागून आहे. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात रुमामस्तकी मिळते, ती मुळात इथली. मस्तकीच्या झाडाचा डिंक. तो काढणारी 24 गावं आहेत, त्यांत पिर्गी सगळ्यांत मोठं.

मी बोटीवर इंजिनियर. ग्रीक मालकांकडे बरीच वर्षं काढली, आणि खिओस म्हणजे बोटमालकांचं आणि दर्यावर्दींचंच बेट. एका बोटीवर आमचा चीफ, म्हणजे माझा वरिष्ठ, पिर्गीचा होता. अथेन्सचं बंदर पिरीअस, तिथे दोघांचंही साइन ऑफ झालं, म्हणजे बोटीवरची मुदत संपून उतरलो, नाताळ तोंडावर होता, माझं विमान लांबलं होतं. "हॉटेलात काय मरायचंय?" म्हणत त्याने मला घरी नेलं.

गाव बाहेरून किल्ल्यासारखं. कडेच्या घरांच्या मागच्या भिंतीच सलग जोडून तट केलेला, मध्ये बुरूज, गल्ल्या अशा की समोरून गाढव आलं तर आपण कुणाच्या तरी दारात शिरायचं. 1346 पासून 1566 पर्यंत बेट जिनोआच्या व्यापाऱ्यांच्या ताब्यात होतं, तेव्हाची ही रचना. चाच्यांच्या भीतीने असं बांधलं, असं सगळे सांगतात. माझ्या मते मालकांना मालही कोंडून ठेवायचा होता. मस्तकी चोरली तर नाक-कान कापत, फार चोरली तर फाशी. पुढे तुर्कांची सत्ता आली, तेव्हा करही मस्तकीतच भरायचा. 1822 मध्ये तुर्की फौजेने बेटावर भयंकर कत्तल केली, त्यातून ही गावं बरीचशी वाचली ती या डिंकामुळे.

आता जगणं. मी होतो तेव्हा झाडावरचं काम संपलेलं होतं, म्हणजे घरातलं सुरू झालेलं. चीफची आई आणि शेजारच्या दोन बायका स्वयंपाकघरात टेबलाभोवती बसायच्या. समोर ताटात मस्तकीचे खडे, कुणी मुगाएवढे, कुणी नखाएवढे. प्रत्येक खडा चिमटीत धरायचा, बारीक सुरीच्या टोकाने त्याला चिकटलेली माती, काडी, सालीचा कण खरवडून काढायचा, पुढचा घ्यायचा. मलाही एक सुरी मिळाली. आजींनी माझा पहिला खडा उजेडात धरला, काही न बोलता परत माझ्या ताटात टाकला. एका झाडाला वर्षाकाठी सरासरी दीड-पावणेदोनशे ग्रॅम मस्तकी निघते, आणि ती अशी खडा-खडा हातातून जाते. गप्पा चालू, टीव्ही चालू, हात थांबत नाहीत. पुरुषमंडळी चौकातल्या कॉफीच्या दुकानात.

मी चीफला विचारलं, एवढं करून घेणार कोण, भाव कोण ठरवतो? तो म्हणाला, आमचा संघ. 1938 साली उत्पादकांचा संघ झाला. त्याआधी व्यापारी यायचा, सांगेल तो भाव, आणि तिशीच्या दशकात तो पार कोसळला. आता गावोगावच्या 20 संस्था त्या संघात आहेत आणि सगळी मस्तकी तिथेच जाते. प्रतवारी, कारखाना, परदेशातली विक्री, सगळं संघाचं.

इथे माझं डोकं फिरलं, कारण आमची देवगडकडे हापूसची कलमं आहेत. मोहोरापासून फवारण्या आपण करायच्या, वाशीच्या दलालाकडून आगाऊ उचल घ्यायची, पेट्या पाठवायच्या आणि पट्टी, म्हणजे दलालाचा विक्रीचा हिशेब, येईल ती गुमान वाचायची. पट्टीत हमाली, तोलाई आणि काय काय कापलेलं. गावातल्या बागायतदारांनी मिळून विकावं म्हणून मी दर सुट्टीत थोरल्या भावाशी भांडतो. त्याचं ठरलेलं उत्तर: "बोटीर बसान सांगूक तुजा काय जाता? आपलो माणूस एकत्र येणा नाय." पिर्गीची माणसं काय देवमाणसं आहेत? चौकात दोन भाऊ एकमेकांकडे पाठ करून कॉफी पिताना मी पाहिलेत, बांधावरून भांडण. मस्तकी मात्र दोघांचीही संघातच. आपल्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यांच्या मस्तकीला युरोपचं तसं संरक्षण 1997 मध्येच. कागद दोघांकडेही आहे. माल हातात धरून ठेवणारी संस्था त्यांच्याकडे आहे.

दादाच्या बाजूचंही सांगतो, नाहीतर तो हे वाचून फोन करेल. संघ गावकऱ्यांच्या प्रेमातून झाला नाही, कायद्याने सक्तीचा केला, तोही मेटाक्सास या हुकूमशहाच्या काळात. दुसरं, मस्तकीला तोड नाही. ते झाड भूमध्य समुद्राभोवती इतरत्रही वाढतं, पण अशा विक्रीजोगा डिंक मुख्यतः दक्षिण खिओसमध्येच धरतो. कर्नाटकातून आंबा येतो तशी त्यांना स्पर्धा नाही. आणि तिथेही सगळं गोड नाही. तरुण अथेन्सला किंवा बोटीवर. 2010 नंतरच्या मंदीत काही परतले म्हणतात. 2012 च्या ऑगस्टमधल्या वणव्यात हजारो झाडं गेली, आणि नवं झाड पाचेक वर्षं काहीच देत नाही.

बघायचं म्हणाल तर घरांच्या भिंती: काळसर गिलाव्यावर चुना, आणि ओला असतानाच तो काट्याने खरवडून काढलेल्या चौकटी-त्रिकोणांच्या नक्षी, थेट छताच्या कडेपर्यंत. सज्जांतून बारक्या टोमॅटोच्या माळा वाळत असतात. कोलंबसाचं घर म्हणून एक दार दाखवतील, हसून पुढे जा. गावापासून जवळच 2016 साली उघडलेलं मस्तकीचं संग्रहालय आहे, ते चुकवू नका.

पिरीअसहून रात्रीची बोट घ्या, बेटावर गाडी भाड्याने घ्या, बसवर विसंबू नका. झाडाला चिरा जुलैपासून देतात, गोळा करणं ऑगस्टच्या मध्यापासून, म्हणजे तेव्हाच जा. 15 ऑगस्टला मेरीचा सण असतो, चौकात रात्रभर नाच चालतो. शेतात पहाटे जा, उन्हं चढली की सगळे घरी येतात. आणि झाडाखाली पांढरी माती सारवल्यासारखी पसरलेली दिसेल, फोटोसाठी तिच्यावर पाय देऊ नका. डिंक तिच्यावरच पडतो.