शेवटच्या दिवशी काय काय बघून घेऊ?

प्रश्न: ताई, मी आर्किटेक्चरच्या थर्ड इयरला आहे. दिवाळीनंतर आमची श्रीलंकेची स्टडी टूर आहे, ८ दिवसांची. पहिल्यांदाच देशाबाहेर चाललेय आणि बाबांनी त्यासाठी एफडी मोडलीये. शेवटचा दिवस कोलंबोत अख्खा मोकळा आहे, फ्लाइट रात्रीची. सीनियर्स म्हणतात तो दिवस शॉपिंगमध्येच जातो. मला वाया घालवायचा नाहीये. राहिलेलं काय काय बघून घेऊ, लिस्ट द्याल का?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर: अगं, लिस्ट मागितलीस पण मी देणार नाहीये, कारण राहिलेलं सगळं उरकून घेऊ हेच मी माझ्या टूरच्या शेवटच्या दिवशी केलं होतं. पेट्टाचा बाजार, लाल मशीद, गॉल फेस, रिक्षाने सगळीकडे नुसते पाय लावून आले, फोटो ढीगभर, आणि आज त्यातलं धड काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच की दुपारी धो धो पाऊस आला म्हणून श्रीलंकेचे आर्किटेक्ट जेफ्री बावा यांच्या जुन्या ऑफिसात, म्हणजे आता जिथे गॅलरी कॅफे आहे तिथे, अर्धा तास अडकले होते. कौलांवरून चौकात पागोळ्या पडत होत्या, आणि मला एकदम वाईचा आजोळचा वाडा आठवला, तिथेही आम्ही पोरं चौकाच्या कडेला पाय आत ओढून असेच बसायचो. पाऊस घराबाहेर न ठेवता मधोमध बोलावून घ्यायचा, हे लेक्चरमध्ये दहादा ऐकलं होतं, कळलं त्या अर्ध्या तासात.

म्हणून माझं म्हणणं, नवीन काही बघूच नकोस. टूरमध्ये जी एक जागा मनात राहिली असेल तिथे परत जा आणि बस. ३३व्या लेनमधलं बावांचं नंबर ११ घर आवडलं असेल तर बुकिंग आधीच करून ठेव, गाइडसोबतच आत सोडतात. चार छोटी घरं एकेक करून घेतली आणि जोडली, त्यामुळे त्या पांढऱ्या पॅसेजमधून चालताना कुठलं घर कुठे संपलं हे कळतच नाही. ते जमलं नाही तर बैरा तलावातलं सीमा मालक, बावांनीच डिझाइन केलेलं बौद्ध मंदिर. निळ्या कौलांची छपरं, लाकडी पट्ट्यांच्या जाळीच्या भिंती, खाली पाणी. सकाळी लवकर जा, चपला बाहेर काढाव्या लागतात आणि उन्हात फरशी जाम तापते. खांदे आणि गुडघे झाकले जातील असे कपडे घाल. टेप वगैरे काढू नकोस, पावलांनी मोज, जाळीतून ऊन कुठवर आत येतं ते बघ आणि तासाभराने तीच रेघ परत काढ. स्केचबुकात एकच सेक्शन, म्हणजे इमारतीचा उभा छेद, काढ, पण नीट.

आणि बाबांच्या एफडीचं ओझं घेऊन फिरू नकोस गं. जास्त ठिकाणं बघितली म्हणजे पैसे वसूल, असं तुला वाटतंय हे प्रश्नातच दिसतंय. बावा आधी वकील होते, आर्किटेक्ट झाले तेव्हा ३८ वर्षांचे, आणि १९४८ साली घेतलेल्या लुनुगंगाच्या बागेत म्हातारपणापर्यंत बदल करत राहिले, २००३ साली गेले. एका जागेला त्यांनी एवढी वर्षं दिली, तू एक सकाळ दे. घरी गेल्यावर बाबांना ते पान दाखव आणि तिथे काय काय दिसलं ते समोर बसून सांग, त्यांना ते फोटोंपेक्षा जास्त आवडेल, मला खात्री आहे.

खरेदी आदल्या रात्रीच कुठल्याही सुपरमार्केटमध्ये आटपून टाक, चहा आणि दालचिनी घे, तिकडची दालचिनी पातळ पापुद्र्यांची असते, आई खूश होईल. विमानतळ शहरात नाही, कटुनायकेला आहे, तेव्हा सर सांगतील त्या वेळेला बसमध्ये बसलेली अस. कटर आणि ब्लेड आठवणीने चेक-इनच्या बॅगेत टाक, नाहीतर सिक्युरिटीला काढून घेतील. स्केचबुक मात्र स्वतःजवळच ठेव.