एअरब्रश तुंबलाय? हातातली टाचणी आधी खाली ठेवा

गणपतीचे दिवस जवळ आले की मूर्ती रंगवणारे, वर्षभर प्लास्टिकची मॉडेल्स करणारे आणि नुकताच एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं अवजार) हाती घेतलेले, सगळ्यांकडून एकच विचारणा फिरून फिरून येते: घरातल्या वस्तूंनी, कमी खर्चात हा साफ कसा करायचा? साफ होतो, आणि चांगला होतो. मात्र दुरुस्तीला येणाऱ्या बऱ्याच ब्रशांचं नुकसान रंगाने नव्हे, सफाईने झालेलं असतं. म्हणून ही उत्तरं. वेगळं काही सांगितलेलं नसेल तिथे वर कप असलेला, डबल अ‍ॅक्शन, म्हणजे ट्रिगर दाबला की हवा आणि मागे ओढला की रंग सोडणारा, 0.3 मिमी नॉझलचा (रंग बाहेर पडतो त्या टोकाच्या बारीक तोंडाचा) ब्रश आणि पाण्यात मिसळणारे अ‍ॅक्रिलिक रंग धरले आहेत.

प्रत्येक रंगानंतर अख्खा ब्रश खोलायचा का? (डोंबिवली)

नाही. उरलेला रंग ओतून टाका, कपात ड्रॉपरने अर्धा कप पाणी घाला, मऊ जुन्या ब्रशने कपाच्या कडा आणि तळ फिरवून घ्या आणि ते पाणी बरणीत फवारा. दुसऱ्यांदा पाणी घातल्यावर नीडल कॅपच्या (आतल्या लांब सुईच्या, म्हणजे नीडलच्या, टोकावरच्या टोपीच्या) तोंडावर ओला कापूस धरा, हवेचं प्रेशर 10 पीएसआयच्या आसपास ठेवा आणि ट्रिगर दाबून हळूच मागे ओढा. हवा उलटी कपात येते आणि तळाशी अडकलेला रंग वर उसळतो. कप निम्म्याहून जास्त भरलेला असेल तर तो तुमच्या तोंडावरही उसळतो. शेवटचा फवारा पांढऱ्या कागदावर मारा. डाग उमटला नाही की पुढचा रंग भरा. दिवसाचं काम संपलं की मात्र नीडल काढून पुसायचीच.

क्लीनिंग किट घ्यायचं की घरातलं चालेल? (नाशिक)

घरातलं चालेल. दात-फटीचे बारीक ब्रश, कापसाच्या काड्या, मेडिकलमधली बिनसुईची सिरिंज आणि झाकणाची काचेची बरणी, एवढ्यावर भागतं. बरणीच्या झाकणाला ब्रशचं तोंड बसेल एवढं एक भोक आणि हवा बाहेर पडायला दुसरं भोक पाडा, दुसऱ्यात ओल्या स्पंजचा तुकडा कोंबा. किटच्या नावाखाली विकले जाणारे बहुतेक ब्रश हेच असतात, फक्त डबीत घातलेले. त्यातली स्टीलची टोकदार सुई तर न वापरलेलीच बरी. सुटे भाग धुताना बेसिनमध्ये चहाची गाळणी ठेवा. नॉझल तांदळाच्या दाण्याहून लहान असते, मोरीत गेली की गेली. आणि ‘सगळ्या ब्रशना बसते’ म्हणून विकली जाणारी नॉझल घेऊ नका. आपल्या ब्रशचा मॉडेल नंबर आणि जुनी नॉझल दोन्ही दुकानात दाखवून, विचारूनच घ्या.

चिंच किंवा व्हिनेगर लावून पितळ चकचकीत करू का? (सांगली)

नको. बाहेरून दिसतो तो क्रोमचा मुलामा आहे, देवघरातलं निरांजन नव्हे. भांडी घासायची पावडर तर अजिबात नको, तिचे कण नीडलवर ओरखडे काढतात. अमोनिया असलेला काच पुसायचा स्प्रेसुद्धा आतल्या उघड्या पितळेला खातो. बाटलीवरचं लेबल वाचा, कळलं नाही तर वापरू नका.

नॉझल पूर्ण बंद झाली होती. टाचणीने मोकळी केली, तरी फवारा एका बाजूला जातो. आता सगळा ब्रश रात्रभर थिनरमध्ये बुडवू का? (कोल्हापूर)

बुडवू नका. हे उत्तर लांबणार आहे, कारण याच दोन गोष्टींनी चांगले ब्रश निकामी होतात.

आधी टाचणी. नॉझलचं भोक 0.3 मिमी, म्हणजे चार-पाच केस शेजारी शेजारी ठेवले तर जेवढी रुंदी होईल तेवढं. नॉझलचा धातू मऊ, टाचणी पोलादाची. टाचणी आत गेली की भोकाची कड फाकते किंवा तिला चीर जाते. नीडल तिथे गोल बसत नाही, एका बाजूने रंग जास्त सुटतो आणि फवारा तिरका जातो. पण दोष नीडलचाही असू शकतो. नीडलचं टोक कापसातून अलगद ओढून बघा. धागे अडकले तर टोक वाकलेलं आहे. नॉझल भिंगाखाली, दिव्यासमोर धरा. भोक लंबगोल किंवा कडेला काळी रेघ दिसली तर ती बदलावीच लागेल.

आता बुडवणं. ट्रिगरच्या खाली हवेचा व्हॉल्व्ह असतो, त्यात रबराची ओ-रिंग. लॅकर थिनरमध्ये ती फुगते, ट्रिगर अडकतो किंवा हवा सतत गळत राहते. नीडलभोवतीचं पॅकिंग टेफ्लॉनचं असेल तर टिकतं, पण स्वस्त ब्रशमध्ये तेही साध्या रबराचंच निघतं. शिवाय थिनरने सुटलेला रंग हवेच्या वाटेत शिरून तिथे वाळतो.

मग करायचं काय? मागची हँडल काढा, नीडल धरून ठेवणारा चक नट सैल करा, नीडल सावकाश मागे ओढून बाहेर घ्या. नॉझल तिच्या छोट्या पान्याने सोडवा आणि एकटी नॉझल काचेच्या वाटीत आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये 15 मिनिटं ठेवा. नंतर रुंद बाजूने, म्हणजे मागून, जुन्या रंगाच्या ब्रशचा एक नायलॉनचा केस किंवा टिश्यूची घट्ट पिळलेली वात फिरवा. पुढून काही घालायचं नाही. निघालं नाही तर पुन्हा भिजवा. जोर वाढवू नका. नीडल पुसताना कापड मागून टोकाकडे न्या, उलट कधीच नाही.

बसवताना नॉझल बोटांनी घट्ट करा आणि पान्याने जेमतेम टेकवा. जास्त आवळली की आटे तुटून ब्रशच्या आतच राहतात. हे आटे घरी काढण्याच्या फंदात पडू नका, एअरब्रश दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. नीडल सगळ्यात शेवटी घाला आणि ती टेकली की थांबा. ती दाबून बसवली तरी नॉझल फाकते.

मुळात ही वेळ येते ती उशिरामुळे. अ‍ॅक्रिलिक ओला असतो तेव्हा त्याचे कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटून पापुद्रा होतो आणि मग तो पाण्याने सुटत नाही. ‘जेवून आल्यावर धुतो’ म्हणून ठेवलेला कप अर्ध्या तासात दोन मिनिटांच्या कामाचं तासाभराचं काम करून ठेवतो. उठायचंच असेल तर कपात पाणी घालून उठा.

रंगवताना कपात बुडबुडे येतात. (म्हापसा)

हवा रंगाच्या वाटेत शिरते आहे. बहुतेक वेळा नॉझल किंवा तिच्यावरची कॅप सैल असते, ती बोटांनी घट्ट करा. तरी आले तर नॉझलच्या टोकाशी रंग वाळलाय का बघा, मग चीर शोधा. आट्यांवर मधमाशीच्या मेणाचा अगदी पातळ हात चालतो. फेव्हिक्विक नाही. तो पातळ असतो, आत ओघळतो आणि नॉझल कायमची चिकटून बसते. चीर दिसली तर दुकानदाराला दाखवा.

ट्रिगर घट्ट झालाय. खोबरेल तेल चालेल? (रत्नागिरी)

नाही, थंडीत ते थिजतं आणि रंगात उतरलं तर रंग फाटतो. मेडिकलमधल्या ग्लिसरीनचा एक थेंब नीडलच्या मागच्या भागाला लावा, टोकाला नाही.

सॅनिटायझरने धुतलं तर? (पुणे)

जेल असेल तर नाही, त्यातला घट्ट करणारा पदार्थ आत चिकटून राहतो. साधं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, तेही पाण्याने रंग निघून गेल्यावर. काही अ‍ॅक्रिलिक रंगांचा अल्कोहोल लागताच डिंक होतो, म्हणून आधी पाणी.

एनॅमल रंगानंतर कारखान्यातच थिनर फवारतो. कापडी मास्क पुरतो ना? (पेण)

पुरत नाही. थिनरची वाफ कापडातून जाते, एन-95 मधूनही जाते. सेंद्रिय वाफेसाठीचं कार्ट्रिज असलेला मास्क लागतो. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि दूर ठेवलेल्या समईपर्यंत किंवा गॅसच्या शेगडीपर्यंत पोचून पेटू शकते. कॉम्प्रेसरच्या स्विचची ठिणगीही पुरते. थिनर बरणीबाहेर मोकळा फवारू नका; कपात ड्रॉपरने घालून कापसाने पुसा आणि जेवढा फवारावाच लागेल तेवढा बरणीत, खिडक्या सताड उघड्या ठेवून. पेट्रोल कोणी सुचवलं तर ऐकू नका. डोकं दुखणं, छातीत घरघर, चक्कर यातलं काही सुरू झालं असेल तर आधी काम थांबवा आणि थिनरच्या डब्यावरचं लेबल घेऊन डॉक्टरांकडे जा.

बोअरच्या पाण्याने धुतलं तर चालतं का? (लातूर)

धुवायला चालतं. शेवटचं खंगाळणं डिस्टिल्ड पाण्याने करा, क्षार नॉझलमध्ये साचतात.

नीट धुतल्यावर हाच ब्रश केकच्या रंगाला वापरू का? (ठाणे)

नाही. केकसाठी वेगळा ब्रश घ्या, आणि तो खाद्यरंगासाठी चालतो असं विक्रेत्याकडून लेखी घ्या.