आजींचे गुण मोजण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा संशोधनाचा आराखडा दोनदा वाचला. ‘वृद्ध स्त्रियांची बौद्धिक क्षमता वृद्ध पुरुषांपेक्षा कमी असते’ हे गृहीतक तू पहिल्याच पानावर मांडले आहेस, आणि हे पत्र त्या एका वाक्यासाठीच आहे.

आकडे तुझ्या बाजूचे आहेत. २०१७-१८ मध्ये झालेल्या ‘लासी’ या वृद्धत्वाविषयीच्या राष्ट्रीय पाहणीच्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक व्यक्ती होत्या आणि त्यातही स्मरण-आकलनाच्या चाचण्यांत स्त्रियांचे सरासरी गुण कमीच भरले. मात्र त्या पाहणीतली सत्तर वर्षांची आजी जन्मली १९४८ च्या आसपास, आणि १९५१ च्या जनगणनेत पुरुषांची साक्षरता सुमारे २७ टक्के असताना स्त्रियांची ९ टक्केही नव्हती. शिक्षण हिशेबात धरले की ही दरी बरीच अरुंद होते. युरोपातील १३ देशांच्या एका अभ्यासात तर, जिथे शिक्षण आणि राहणीमान सुधारले तिथे आकडेमोडीतला पुरुषांचा वरचष्मा घटला आणि प्रसंग व शब्द लक्षात ठेवण्यात स्त्रियांची आघाडी वाढली, असे दिसले. म्हणजे लिंगभेद मुळीच नाही असे नव्हे. पण तू ज्याला लिंगभेद म्हणतेस त्यातला केवढा भाग शाळेच्या दाराशी अडलेला आहे, हे आधी वेगळे काढावे लागेल.

केवळ ‘शिक्षणाची वर्षे’ हा रकाना भरून हे काम होणार नाही. शाळेत न गेलेला पुरुष बाजारात पैसे मोजत आला, एसटीच्या पाट्या ओळखत आला, तालुक्याच्या कचेरीत अंगठा का होईना उमटवत आला. शाळेत न गेलेल्या त्याच्या बायकोला यातले फारसे काही करू दिले गेले नाही. कागदावर दोघांसमोर शून्यच असते. अशाच एका चाचणीत एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन पाहून काढण्याच्या प्रश्नावर एका आजींनी पेन्सिल हातातच घेतली नव्हती, हे मला अजून आठवते. अंगणात त्यांनीच काढलेली ठिपक्यांची रांगोळी त्या आकृतीपेक्षा कितीतरी अवघड होती. मी तेव्हा शून्य गुण दिले, कारण नियम तसा होता. आज त्याशेजारी टीपही लिहिली असती.

चाचणीसाठी एखाद्या आजींच्या घरी गेल्यावर त्यांचा मुलगा पुढे येईल आणि आईच्या वतीने उत्तरे देऊ लागेल. त्याला नम्रपणे बाहेर बसव. ‘रोजच्या कामात काही अडते का?’ या प्रश्नावर ‘ती घरातच असते, तिचे काय अडणार’ असे उत्तर आले तर ते उत्तर मानू नकोस. कोणता स्वयंपाक त्यांनी अलीकडे सोडून दिला, मीठ दोनदा पडते का, नातवंडांची नावे चुकतात का, ते विचार. स्त्रियांचा स्मृतिभ्रंश या एका बेफिकीर वाक्यामागे वर्षानुवर्षे दडून राहतो, आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

गृहीतक बदलून आराखडा पुन्हा पाठव. त्यात शाळा का सुटली, हा प्रश्न स्वतंत्र असू दे.

तुझी,
मार्गदर्शिका