पगार की आवड: लातूरच्या मुलीच्या जिऑलॉजीच्या प्रश्नावर

तुझं सगळं नीट वाचलं. लातूरची, बारावीला पीसीएम, सीईटीला ९२ पर्सेंटाइल, घरचे म्हणतायत कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घे आणि तुला जिऑलॉजीत, म्हणजे भूगर्भशास्त्रात, बीएस्सी करायचंय, मग पगार बघू की आवड. मी स्वतः जिऑलॉजीचीच आहे, भूजलाच्या कामात बरीच वर्षं गेलीत, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

जिऑलॉजीत पैसा आहे पण तो उशिरा येतो, आणि सगळं गणित तिथेच आहे. नुसत्या बीएस्सीवर हातात फारसं काही येत नाही हे आत्ताच मनाशी पक्कं कर. ३ वर्षं बीएस्सी (ऑनर्स केलंस तर ४), मग एमएस्सी, त्यासाठी जॅम (आयआयटीतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा) देऊन आयआयटी मुंबईचं अप्लाइड जिऑलॉजी मिळालं तर उत्तमच, नाहीतर पुणे किंवा नागपूर विद्यापीठाचे डिपार्टमेंट आहेतच. एमएस्सीनंतर यूपीएससीची कंबाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा, त्यातून जीएसआय (जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया) आणि सेंट्रल ग्राउंड वॉटर बोर्डात क्लास वन पोस्ट, सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सुरुवातीचं बेसिकच ५६,१००, वर डीए वगैरे वेगळं. ओएनजीसीसारख्या तेल-वायू कंपन्याही जिऑलॉजिस्ट घेतात, कधी गेट या परीक्षेच्या जिऑलॉजी-जिओफिजिक्स पेपरवर, कधी स्वतःची परीक्षा घेऊन. पण जागा थोड्या आणि अख्ख्या देशातली पोरं बसलेली असतात, पहिल्या झटक्यात होईलच असं नाही. म्हणजे बारावीपासून धर ६ ते ७ वर्षं. आता घरी बसून हाच हिशोब मांड की तेवढी वर्षं घर तुझ्या पगाराशिवाय चालेल का, डोक्यावर कर्ज आहे का, धाकट्या भावंडाचं शिक्षण मध्येच येतंय का. चालणार असेल तर जिऑलॉजी घे, मी मनापासून सांगते. चालणार नसेल तर कॉम्प्युटर घेण्यात काही कमीपणा नाही, घराची जबाबदारी ही पण खरी गोष्ट आहे.

फक्त तुलना बरोबरीची करा. घरचे कॉलेजच्या फ्लेक्सवरचं सगळ्यात मोठं पॅकेज धरतात आणि जिऑलॉजीचा बेकार बसलेला पोरगा धरतात, असं नको. मोठ्या आयटी कंपन्या कॅम्पसमधून घाऊक भरती करतात तिथे फ्रेशरला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास मिळतात आणि हा आकडा कितीतरी वर्षं जवळपास तिथेच अडकलाय. ज्याला कोडिंग खरंच जमतं तो पुढे जातो, पण तू लिहिलंयस की अकरावीपासून कॉम्प्युटरच्या प्रॅक्टिकलला कंटाळा यायचा. मग चार वर्षांनी मुलाखतीत तुझ्याशेजारी बसणाऱ्या आवडीने कोडिंग करणाऱ्या मुलीपुढे तू कुठे असशील याचा पण विचार कर.

दुसरं म्हणजे तुला विषय आवडतो की काम आवडेल हे तपासून घे. किल्लारीच्या भूकंपाच्या गोष्टी ऐकत मोठी झालीस, २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते लहानपणी पाहिलंस, त्यातून ओढ लागली हे समजू शकते. पण रोजचं काम कसं असतं बघ. मे महिन्यात भर दुपारी निरीक्षण विहिरीच्या काठावर बसून टेप आत सोडायची, पाणी किती मीटरवर आहे ते लिहायचं, मग पुढचं गाव. बोअर चालू असताना दर काही फुटांनी निघणारा चुरा हातात घेऊन रंग बघायचा, काळा घट्ट बसॉल्ट आला तर पाण्याची आशा कमी, छिद्रांचा किंवा भेगांचा थर लागला की जरा बरं वाटतं, मध्येच विटेसारखा लाल मातीचा थर येतो तो म्हणजे लाव्ह्याच्या दोन प्रवाहांमधली खूण. बोगद्याच्या कामावर गेलीस तर प्रत्येक ब्लास्टनंतर समोरच्या खडकाच्या भेगा मोजून नकाशा काढायचा, त्यावर ठरतं की आधार किती द्यायचा. मला हे काम अजूनही आवडतं, पण उन्हातान्हात नको वाटणारे बरेच जण एमएस्सीनंतर लाइन बदलताना पाहिलेत. तुमच्या जिल्ह्यातलं भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं ऑफिस आहे ना, तिथे जा, साहेबांना विनंती करून एक दिवस त्यांच्यासोबत फिरून ये, वडिलांना पण घेऊन जा.

मुलगी म्हणून काळजी वाटते म्हणालीस. फील्डवर टॉयलेटची आणि मुक्कामाची अडचण होते, लपवत नाही. पण बाकी दारं उघडतायत, जमिनीखालच्या खाणीत बायकांना बंदी होती तीसुद्धा २०१९ मध्ये सैल झाली आणि टेक्निकल, सुपरवायझरी पदांवर लेखी संमतीने घेण्याची परवानगी मिळाली.

पैशाचं अजून एक. २०२४-२५ पासून मुलींना प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन फी माफ आहे, पण ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी असाल आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, आणि अ‍ॅडमिशन कॅप राउंडमधूनच (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून) हवी. मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर घ्यायचं चाललं असेल तर ही माफी मिळणार नाही, मग लाखांत फी भरून साडेतीन लाखांची नोकरी हे गणित वडिलांना कागदावर दाखव. आणि बीएस्सी घेतलंस तर नवीन पद्धतीत मेजरसोबत (मुख्य विषयासोबत) मायनर, म्हणजे एक दुय्यम विषय असतो, कॉलेज देत असेल तर कॉम्प्युटर किंवा स्टॅटिस्टिक्स बघ, नसेल तर जीआयएस (कॉम्प्युटरवर नकाशे बनवणं) आणि थोडी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा स्वतः शिक. आमच्याकडे आता नकाशे, सॅटेलाइट डेटा सगळं त्यावरच चालतं आणि हे येणाऱ्या मुलांना खाजगीत लवकर काम मिळतं.

जिऑलॉजी मोजक्याच कॉलेजात आहे, पुण्याला फर्ग्युसन, मुंबईला झेवियर्स, आणि बीएस्सीची अ‍ॅडमिशन सीईटीच्या कॅपमधून होत नाही, कॉलेजचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, त्याच्या तारखा बऱ्याचदा इंजिनिअरिंगच्या राउंडआधीच संपतात. म्हणून घरी अजून वाद चालू असला तरी दोन्ही फॉर्म भरून ठेव, आणि होस्टेलचा खर्च आजच विचारून घे, पुण्या-मुंबईत फीपेक्षा तोच जास्त होतो.