वापरलेले ५० सीसी पेट्रोल इंजिन टाकीसकट घेऊन मोठे रेडिओ-नियंत्रित विमान बांधावे का?

इंजिन घ्यावे. टाकी, तिच्यातल्या नळ्या आणि तिचे बूच मात्र फुकट मिळत असले तरी घेऊ नये.

तुमचे तीन प्रश्न आहेत. विजेवरची लहान विमाने उडवून झाल्यावर पेट्रोलवरच्या मोठ्या विमानासाठी एका अनुभवी गृहस्थांकडचे जुने इंजिन टाकी व इग्निशनसह (ठिणगी पाडणाऱ्या विद्युत यंत्रणेसह) घ्यावे का, सांगाडा किटमधून बांधावा की तयार आणावा, आणि पेट्रोल इंजिन ‘ट्यून’ करणे, म्हणजे त्याचे पेट्रोल-हवेचे मिश्रण जुळवणे, नवख्याला जमते का. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाशी माझा जुना हिशेब आहे, म्हणून दुसऱ्याची बोळवण दोन ओळींत करतो. बाल्साचे हलके लाकूड कापण्यात आणि चिकटवण्यात आनंद मिळत असेल तर किट घ्यावे, केवळ उडवायचे असेल तर तयार सांगाडा आणावा. किटमधून बांधणाऱ्याला प्रत्येक सांधा ठाऊक असतो, हा त्याचा एकमेव पण मोठा फायदा आहे.

‘मोठे’ म्हणजे किती, यावर वाद घालण्याचे कारण नाही. इंटरनॅशनल मिनिएचर एअरक्राफ्ट असोसिएशनच्या व्याख्येनुसार एकपंखी विमानाचा पंखविस्तार किमान ८० इंच आणि दुपंखीचा ६० इंच असला, की ते ‘जायंट स्केल’मध्ये मोडते. पेट्रोल हे या छंदातले नवे खूळ आहे असे जे म्हणतात, त्यांनी इतिहास पाहावा. वॉल्टर आणि विल्यम गुड या अमेरिकन जुळ्या भावांनी १९३७ साली रेडिओवर उडवलेल्या ‘गफ’चा पंखविस्तार सुमारे आठ फूट होता आणि ते पेट्रोल इंजिनावरच चालत असे. लहान इंजिनांत ठिणगीऐवजी तापलेल्या तारेने इंधन पेटवणारा ग्लो प्लग त्यानंतर दहा वर्षांनी, म्हणजे १९४७ साली बाजारात आला.

आता माझा हिशेब. ८६ इंच पंखविस्ताराच्या, साडेसात किलोच्या आसपास वजन असलेल्या माझ्या विमानाचा सांगाडा मी स्वतः किटमधून बांधला होता. इंजिन, टाकी आणि इग्निशन असा संपूर्ण संच मात्र आमच्या मैदानावरच्या एका ज्येष्ठ वैमानिकांनी आपल्या जुन्या विमानातून काढून दिला होता. त्यांना सगळे काका म्हणत, म्हणून मीही काकाच म्हणतो. त्यांचा हात उत्तम होता आणि पेट्रोल इंजिनांबद्दल त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. संच देताना त्यांनी बजावले होते की टाकीला हात लावू नकोस, ती जमलेली आहे.

जमिनीवर ते इंजिन निर्दोष चालत असे. टाकी भरून, शेपूट धरून, नाक आकाशाकडे करून पूर्ण थ्रॉटल दिला तरी आवाजात खोट निघत नसे. हवेत गेल्यावर पहिली काही मिनिटेही तशीच जात, आणि मग एखाद्या उभ्या चढणीत आवाज आधी किंचित चढा होई, लगेच घसरे आणि इंजिन गुदमरू लागे. थ्रॉटल कमी करून विमान सरळ केले की ते पुन्हा सावरे. काकांचे निदान ठरलेले होते: मिश्रण कोरडे पडते आहे, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त जाते आहे, हाय-स्पीड सुई अष्टमांश फेरा उघड. (ही सुई म्हणजे पूर्ण वेगात किती पेट्रोल जावे हे ठरवणारा कार्ब्युरेटरचा स्क्रू; कमी वेगासाठी वेगळी लो सुई असते.) मी ती उघडली. पुढच्या वेळी पुन्हा तेच झाले, तेव्हा त्यांनी माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर घेऊन ती आणखी उघडली. शेवटी भरल्या टाकीवर इंजिन धूर ओकत अडखळत चालू लागले आणि अर्ध्या टाकीवर चढणीत पूर्वीप्रमाणेच गुदमरू लागले. इथेच कोणालाही संशय यायला हवा होता, कारण सुई चुकलेली असती तर ती टाकीतली पातळी पाहून चुकली नसती.

एके दिवशी इंजिन गुदमरून न थांबता थेट बंद पडले. विमान मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, वाऱ्याच्या दिशेने जात होते आणि उंची बेताची होती. लहान विजेच्या विमानाची सवय असलेल्या माणसाला अशा वेळी वाटते की नाक जरा वर धरून ते परत आणता येईल. मोठ्या विमानात या मोहाची किंमत संपूर्ण विमान असते, कारण थांबलेला बावीस इंची प्रॉपेलर भरपूर रोध निर्माण करतो आणि वेग क्षणात उतरतो. मी लगेच नाक खाली दिले, वेग हाती आल्यावरच वळण घेतले आणि वळण पूर्ण होईपर्यंत एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीवरची पट्टी) ओढला नाही. धावपट्टीचा आरंभ गाठण्याचा विचारही केला नाही. विमान पट्टीच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्शात टेकले, गवतात थोडे घुसले आणि चाकांवर उभे राहिले. त्या उतरण्याचा मला आजही अभिमान आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. विमान उचलायला गेलो तेव्हा काका चारचौघांत म्हणाले, “इंजिन चांगलं आहे, ह्याला सुई लावता येत नाही.”

घरी येऊन मी टाकी बाहेर काढली. अशा मोठ्या मॉडेल विमानांच्या कार्ब्युरेटरमध्ये क्रँककेसच्या दाबाच्या ठोक्यांवर चालणारा पडद्याचा पंप असतो, झाडे कापायच्या यंत्रकरवतीच्या इंजिनांत असतो तसाच. हा पंप टाकीतून पेट्रोल ओढून घेतो, म्हणूनच टाकी इंजिनाला चिकटून न ठेवता गुरुत्वमध्यावर ठेवता येते आणि इंधन संपत गेले तरी विमानाचा तोल ढळत नाही. पण जो पंप पेट्रोल ओढतो तो वाट मिळाली तर हवाही तितक्याच आनंदाने ओढतो. बुचातून आत गेलेल्या पितळी नळीवर पिवळी इंधननळी चढवलेली होती आणि तिच्या दुसऱ्या टोकाला फेल्टचा क्लंक, म्हणजे पेट्रोलबरोबर टाकीत सरकणारे वजनदार टोक, होता. ती इंधननळी वर्षानुवर्षे पेट्रोलमध्ये राहून कडक झाली होती, वाकवली की वाकलेलीच राहत होती. मी क्लंकचे टोक चिमटीत दाबून बंद केले, आतला भाग पेट्रोलच्या भांड्यात बुडवला आणि बाहेरच्या टोकाला सिरिंज लावून हलकेच हवा भरली. पितळी नळीच्या काठापाशी, जिथे इंधननळी तिच्यावर ताणून बसवली होती तिथे, बारीक बुडबुड्यांची माळ सुरू झाली. नळी सोडवून नखाने चाचपल्यावर कारण कळले. पितळ करवतीने कापल्यावर काठ घासून गुळगुळीत केलेला नव्हता, आणि त्या धारदार कडेने कडक झालेली नळी आतून चिरली होती.

आता सगळे जुळते. टाकी भरलेली असताना ती चीर पेट्रोलमध्ये बुडालेली असते, त्यामुळे तिच्यातूनही पेट्रोलच आत जाते आणि जमिनीवरच्या तपासणीत काहीच दिसत नाही. टाकी अर्धी झाली की बुचाजवळची जागा कोरडी पडू लागते. नाक वर केले की पेट्रोल मागे सरकते आणि पुढची चीर सर्वांत आधी उघडी पडते, म्हणून दोष चढणीतच प्रकट होत असे. मी नळ्या बदलल्या, पितळाचा काठ घासून त्यावर तारेचा बारीक वेढा झाळला, दोन्ही सुया निर्मात्याने सांगितलेल्या जागी परत आणल्या आणि अर्ध्या टाकीवर नाक वर करून इंजिन चालवले. ते थांबले नाही. पुढच्या उड्डाणात टाकीच्या तळापर्यंत थांबले नाही. काकांना ती नळी नेऊन दाखवली, तर त्यांनी ती उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाले, “हवामान बदललंय, म्हणून सुई बसली.” त्यांचे हे मत आजही कायम आहे.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की पेट्रोल इंजिन ट्यून करणे अवघड नाही, ट्यून न करणे अवघड आहे. निर्मात्याने दिलेल्या जागेवर, बहुधा दीड फेऱ्याच्या आसपास, दोन्ही सुया ठेवाव्यात, इंजिन नीट गरम होऊ द्यावे, आधी लो सुई अशी लावावी की आयडलवरून, म्हणजे सर्वांत कमी फेऱ्यांवरून, थ्रॉटल झटक्यात उघडल्यावर अडखळणार नाही, मग पूर्ण थ्रॉटलवर हाय सुईने कमाल फेरे शोधून ती किंचित परत उघडावी, आणि त्यानंतर स्क्रू ड्रायव्हर पेटीत ठेवून द्यावा. काल नीट चालणारे इंजिन आज चालत नसेल, तर सुईने काल रात्री उठून जागा बदललेली नसते. आधी नळ्या, बूच, हवेची नळी, क्लंक, कार्ब्युरेटरमधली बारीक जाळी आणि पडदे पाहावेत. सुई सर्वांत शेवटी.

तुम्हाला मिळणाऱ्या इंजिनाबद्दल सांगायचे, तर एक्झॉस्टच्या तोंडातून पिस्टनच्या बाजूवर उभे ओरखडे दिसतात का ते पाहावे, इग्निशन बंद ठेवून प्रॉपेलर हाताने फिरवताना दाब ठणठणीत लागतो का ते पाहावे, आणि विमान पूर्वी नाकावर पडले असल्यास शाफ्ट वाकलेला नाही ना हे आवर्जून तपासावे. बराच काळ पडून असलेल्या कार्ब्युरेटरचे पडदे ताठरतात; दुरुस्तीचा संच घेऊन ते बदलून टाकावेत. इग्निशनच्या तारेवरची धातूची जाळी प्लगच्या टोपीपर्यंत अखंड असावी, कारण ती तुटली की ठिणगीचा गोंगाट रिसीव्हरपर्यंत जातो. इग्निशन आणि रिसीव्हर यांच्यात फूटभर तरी अंतर ठेवावे, त्यांच्या बॅटऱ्या वेगळ्या ठेवाव्यात आणि थ्रॉटलची दांडी नायलॉनची वापरावी. ट्रान्समीटरवरून इग्निशन बंद करणारा किल स्विच मी चैनीची वस्तू मानत नाही. संपर्क तुटल्यास इंजिन आयडलवर यावे किंवा बंद पडावे, असा फेलसेफ लावून तो प्रत्यक्ष तपासल्याखेरीज उडवू नये. ग्लो इंजिनावरची सिलिकॉनची नळी पेट्रोलला चालत नाही, ती फुगते आणि सुटते.

इंजिनाच्या नादात लोक कंट्रोल सरफेसकडे, म्हणजे विमान वळवणाऱ्या हलत्या पट्ट्यांकडे, दुर्लक्ष करतात. एवढ्या आकाराच्या एलेरॉनला (पंखावरच्या पट्टीला) लहान विमानातला सर्व्हो, म्हणजे ती हलवणारी मोटर, चालत नाही. सर्व्होचा आर्म प्लास्टिकचा आणि दांडीच्या टोकाची पकड (क्लेव्हिस) सैल असेल तर वेगात फ्लटर, म्हणजे पट्टीची अनावर फडफड, सुरू होतो, आणि मोठ्या विमानाचा फ्लटर पाहायला सेकंदाहून जास्त वेळ मिळत नाही. त्यानंतर सगळे जण रेडिओला दोष देतात. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन ज्यावर बसते त्या फळीच्या, उघड्या लाकडावर पातळ इपॉक्सीचा हात फिरवावा, अन्यथा तेलकट पेट्रोल लाकडात मुरते आणि सांधे सुटतात. गुरुत्वमध्य रिकाम्या टाकीने मोजावा आणि पहिल्या उड्डाणासाठी किटच्या आराखड्यात दिलेल्या मर्यादेच्या पुढच्या टोकाला ठेवावा.

इंजिन सुरू करताना विमान धरायला दुसरा माणूस हवा, हे विजेवरून येणाऱ्यांना सांगावेच लागते. इग्निशनचा स्विच बंद असला तरी प्रॉपेलर जिवंत आहे असेच धरून चालावे. संचासोबत जुना लाकडी प्रॉपेलर मिळाला, तर त्याच्या कडा बोटाने चाचपाव्यात. बारीकशी चीर लागली तरी त्याचे दोन तुकडे करून टाकावेत, म्हणजे दुसरा कोणी तो उचलून लावणार नाही.

काकांच्या बाजूनेही एक गोष्ट नोंदवायला हवी. हवेत प्रॉपेलरवरचा भार हलका होतो, फेरे वाढतात आणि जमिनीवर अगदी कोरडे लावलेले इंजिन वर गेल्यावर खरोखरच तापून बंद पडू शकते. म्हणजे सुईचा दोष असतच नाही असे नाही. तो पहिल्या मिनिटापासून दिसतो, अर्ध्या टाकीनंतर नाही. तसेच नळीत दिसणारा प्रत्येक बुडबुडा म्हणजे चीर नव्हे, कंपनाने पेट्रोल फेसाळले तरी बुडबुडे येतात, म्हणून टाकीखाली फोम हवाच. तेलाचे प्रमाण इंजिनाच्या निर्मात्याचे पाळावे, साधारणपणे ते ३२:१ ते ५०:१ यांच्या दरम्यान असते. आणि तुमच्या मैदानावर आवाजाची मर्यादा कडक असेल, तर या आकाराचे विमान विजेवरही उत्तम उडते. मग संच विकणाऱ्या गृहस्थांना नम्रपणे नकार द्यावा. तसे नसेल तर इंजिन घेताना त्यांच्यासमोरच टाकी बाजूला काढून ठेवावी, त्यांना राग आला तरी चालेल.